1983 : अटारीची पडझड, फॅमिकॉमचा जन्म आणि आपला ‘टीव्ही गेम’

1983 म्हटलं की आपल्याला लॉर्ड्स आठवतं, आणि ते साहजिकच आहे. पण कपिलदेवने 25 जूनला विश्वचषक उचलला, त्यानंतर वीस दिवसांनी, 15 जुलैला, जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं व्हिडिओ गेमचं एक लाल-पांढरं यंत्र विक्रीला आलं. पुढे नव्वदच्या दशकात त्याच्याच नकला आपल्या टीव्हीला लागल्या. त्याच वर्षी अमेरिकेत मात्र व्हिडिओ गेमचा धंदा रसातळाला जात होता. या दोन घटना एकत्र पाहिल्या, तर ‘एका कॅसेटमध्ये 9999 गेम’ हा प्रकार आपल्याकडे कसा पोचला त्याचा उलगडा होतो.

आधी अमेरिका. अटारीने 1972 मध्ये ‘पाँग’ काढून आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा, धंदा उभा केला. 1976 मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने ही कंपनी विकत घेतली आणि 1977 मध्ये अटारीचं घरगुती यंत्र आलं. पुढे ते ‘2600’ या आकड्याने ओळखलं गेलं. यंत्र तेच, गेम हवा तो, कार्ट्रिज (आपल्या भाषेत ‘कॅसेट’) बदलली की झालं. 1980 मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या यंत्रावर आला आणि खप असा वाढला की वॉर्नरच्या नफ्यातला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या अटारीकडून येऊ लागला.

हा नफा मिळवून देणाऱ्या प्रोग्रामरांना काय मिळत होतं? पगार. गेमच्या खोक्यावर नाव नाही, खपावर टक्केवारी नाही. डेव्हिड क्रेन आणि त्याचे तीन सहकारी हे गाऱ्हाणं घेऊन वर गेले, तिथे दाद लागली नाही, तेव्हा ते बाहेर पडले. 1979 मध्ये त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली आणि अटारीच्याच यंत्रावर चालतील असे गेम स्वतः विकायला सुरुवात केली. अटारीने कोर्टात खेचलं, पण 1982 मध्ये तडजोड झाली : ॲक्टिव्हिजनने रॉयल्टी द्यायची आणि गेम काढत राहायचे.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. अटारीच्या यंत्रात परकी कार्ट्रिज ओळखून अडवण्याची सोयच नव्हती. रस्ता मोकळा आहे हे एकदा दिसल्यावर जो तो गेमच्या धंद्यात उतरला. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीचा गेम विभाग होता. कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीसाठी काढलेला एक गेमही होता. ॲक्टिव्हिजनवाले निदान कसबी होते, पण मागून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा माल निव्वळ टाकाऊ होता.

दर्जाच्या बाबतीत अटारीचेही हात स्वच्छ नव्हते. 1982 मध्ये आलेला घरगुती ‘पॅकमॅन’ आर्केडच्या मानाने फारच फिका होता. भुतं सतत लुकलुकायची, कारण यंत्राला इतकी चित्रं एका वेळी पडद्यावर धरून ठेवणं जमत नव्हतं. तरी त्याच्या सुमारे 70 लाख प्रती खपल्या, पण कंपनीने त्याहून कितीतरी जास्त बनवून ठेवल्या होत्या. मग ‘ई.टी.’ चित्रपटाचे हक्क प्रचंड पैसे मोजून घेतले आणि नाताळ गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे दिले. आजही ‘जगातला सर्वात वाईट गेम’ म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली जातात. हे मला अन्यायाचं वाटतं. पाच आठवड्यांत एका माणसाने चालणारा गेम दिला, हेच विशेष. लाखो प्रती छापण्याचा निर्णय त्याचा नव्हता.

7 डिसेंबर 1982 ला अटारीने जाहीर केलं की विक्री अपेक्षेइतकी नाही. दुसऱ्याच दिवशी वॉर्नरचा शेअर सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. 1983 उजाडलं ते या सावटाखालीच. दुकानदारांकडे माल तुंबला होता आणि तो परत घ्या म्हणावं, तर छोट्या कंपन्यांकडे पैसेच नव्हते. त्या एकामागून एक बुडाल्या. मग दुकानदारांनी तीस-चाळीस डॉलरच्या कार्ट्रिज पाच डॉलरला टोपलीत टाकल्या. शेजारी पाच डॉलरचा ढीग असताना चांगला गेम पूर्ण किमतीला कोण घेणार? वाईट मालाने चांगल्या मालालाही खाली ओढलं. त्यात कमोडोर या कॉम्प्युटर कंपनीच्या जॅक ट्रॅमिएलने घरगुती कॉम्प्युटरच्या किमती इतक्या पाडल्या की नुसत्या गेमच्या यंत्रावर पैसे का घालायचे, असा प्रश्न पालकांना पडू लागला.

त्या वर्षी अटारीचा तोटा 50 कोटी डॉलरच्या वर गेला. सप्टेंबरात टेक्सासमधल्या एल पासोच्या गोदामातून ट्रक भरभरून माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत नेऊन पुरला. ही भाकडकथा असावी असं अनेकांना वाटायचं, पण 2014 मध्ये तिथे खणलं तेव्हा ‘ई.टी.’च्या कार्ट्रिज खरोखरच निघाल्या. मात्र नुसत्या ‘ई.टी.’च्या नाहीत, अटारीचे चांगले खपलेले गेमही त्याच खड्ड्यात होते. एका गेमने धंदा बुडवला, ही गोष्ट सांगायला सोपी आहे, एवढंच.

ही पडझड अमेरिकेची होती, हेही लक्षात ठेवायला हवं. ब्रिटनमध्ये मुलं स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर कॅसेट टेपने गेम चढवत होती, त्यांना याचा फारसा पत्ताही नव्हता.

आता जपान. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी, 1889 पासून हानाफुदा नावाचे पत्ते बनवणारी. 1949 पासून तिची सूत्रं हिरोशी यामाउची यांच्याकडे होती. त्यांनी इंजिनिअर मासायुकी उएमुरा यांना स्वस्तात स्वस्त, पण प्रतिस्पर्ध्यांना काही काळ गाठता येऊ नये असं यंत्र बनवायला सांगितलं. ते फॅमिकॉम, म्हणजे ‘फॅमिली कॉम्प्युटर’. किंमत 14,800 येन. सोबतीला पहिल्या दिवशी तीन गेम : ‘डाँकी काँग’, ‘डाँकी काँग ज्युनियर’ आणि ‘पॉपाय’. गंमत म्हणजे सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीनेही आपलं पहिलं घरगुती यंत्र, एसजी-1000, त्याच दिवशी आणलं.

सुरुवात काही झोकात झाली नाही. पहिल्या खेपेच्या यंत्रांत चिपचा दोष निघाला आणि निन्टेन्डोने ती परत घेऊन दुरुस्त केली. चौकोनी रबरी बटणं अडकायची, ती नंतर गोल झाली. दोन्ही कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले, वायर आखूड. दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट आणि सिलेक्टऐवजी एक छोटा मायक्रोफोन होता. आपल्या नकली यंत्रांत बहुधा मायक्रोफोन गेला, पण बटणांची उणीव तशीच राहिली. ‘सेकंड प्लेयर’च्या रिमोटला स्टार्ट का नाही, यावरून धाकट्या भावंडांनी केलेल्या भांडणांचं मूळ हे असं क्योटोत आहे.

1983 मध्ये निन्टेन्डो हे यंत्र अमेरिकेत विकण्यासाठी अटारीशीच बोलणी करत होती. ‘डाँकी काँग’च्या हक्कांवरून खटका उडाला, अटारीचे प्रमुख रे कासार जुलैत पायउतार झाले आणि करार बारगळला. अखेर 1985 मध्ये निन्टेन्डो स्वतःच न्यूयॉर्कला उतरली. व्हिडिओ गेम म्हटलं की तिथले दुकानदार दार लावून घेत, म्हणून यंत्राचं रूप व्हीसीआरसारखं केलं, सोबत एक खेळण्यातला रोबो दिला. महत्त्वाचा बदल मात्र आत होता : कुलपासारखी एक चिप. यंत्रात एक, अधिकृत कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार. दोघींचं जुळलं तरच गेम चालणार. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढता येतील, कार्ट्रिज निन्टेन्डोच बनवून देईल आणि पैसे आगाऊ घेईल, अशाही अटी होत्या. अटारीचं काय झालं ते निन्टेन्डोने नीट पाहिलं होतं.

जपानी फॅमिकॉमला मात्र हे कुलूप नव्हतंच. ते यंत्र पडझडीचा धडा मिळण्याआधी आखलेलं. तैवानच्या कारखान्यांनी नकला केल्या त्या याच यंत्राच्या. यूएमसी या तैवानी कंपनीने मूळ चिपांशी जुळणाऱ्या चिपा बनवल्या, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला चालतील अशाही. पुढे पुढे तर सगळं यंत्र एकाच चिपमध्ये मावू लागलं. किंमत उतरत गेली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली करत ही खोकी गावोगाव पोचली. अँटेनाच्या जागी पिन खोचायची, चॅनल जुळवत बसायचं, कॅसेट लागली नाही तर फुंकर मारायची. ‘कॉन्ट्रा’, ‘मारियो’, बदकं मारायची बंदूक, सगळं त्या एका कॅसेटमध्ये. 9999 हा आकडा अर्थातच थापेबाजी होती. पाच-पंचवीस गेम खरे, बाकी तेच गेम वेगळ्या नावाने किंवा मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारे.

निन्टेन्डोने फॅमिकॉमचं उत्पादन 2003 मध्ये थांबवलं. नकला अजूनही मिळतात, आता बऱ्याचदा हातात मावणाऱ्या आणि यूएसबीवर चार्ज होणाऱ्या.