नाताळचा चमत्कार, सरकारी नियमानुसार

न्यूयॉर्कच्या न्यायालयात पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्याबद्दल सुनावणी चालू आहे: हा माणूस भ्रमिष्ट आहे की खरोखरच सांताक्लॉज? तिकडे लॉस एंजेलिसच्या टॉवरमध्ये एक पोलीस अनवाणी, रक्ताळलेल्या पायांनी दरोडेखोरांशी झुंजतोय. १९४७चा ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ आणि १९८८चा ‘डाय हार्ड’ नाताळपटांच्या यादीत शेजारी दिसले की पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. पण दोन्ही पटकथा एकाच खुंटीवर टांगलेल्या आहेत. दोन्हींत चमत्कार घडवतं ते अमेरिकेचं केंद्र सरकार, आणि तेही नेहमीच्या नियमानं.

आधी टपालाचं. सांताच्या नावानं मुलांनी टाकलेली पत्रं बटवडा करता येत नसल्यानं ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये जाऊन पडत, आपल्याकडे टपाल खात्यात अशा पत्रांसाठी रिटर्न लेटर ऑफिस असतं. १९१२मध्ये पोस्टमास्तर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी ही पत्रं उत्तरासाठी कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना द्यायची मुभा दिली. १९१३पासून न्यूयॉर्कची पत्रं जॉन ग्लक यांच्या सांताक्लॉज असोसिएशनकडे जाऊ लागली. पुढे तिच्या पैशांच्या व्यवहारांवर संशय आला आणि १९२८मध्ये खात्यानं पत्रं देणं बंद केलं. सांताचं टपाल कुणाच्या हाती द्यायचं, हा प्रश्न चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून खात्याच्या टेबलावर होता.

‘मिरॅकल’मध्ये टपाल वेगळं करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, सॉर्टरच्या हाती छोट्या सुझनचं पत्र येतं. त्यावर थेट न्यायालयाचा पत्ता. त्याला वाटतं, साचलेली सगळीच पत्रं तिकडे धाडू, इथली अडगळ तरी जाईल. भक्तिभाव वगैरे काही नाही, जागा मोकळी करायची आहे. म्हाताऱ्याचा वकील फ्रेड गेली आधी तीनच पत्रं पुढे करतो. तेवढ्यानं काय सिद्ध होतं, असा सरकारी वकिलाचा आक्षेप. मग पोती आत येतात आणि न्यायाधीशांच्या टेबलावर रिकामी होतात. गेलीचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा आहे: टपाल खातं केंद्र सरकारचं, जाणूनबुजून भलत्याच्या हाती टपाल देणं हा गुन्हा, आणि खात्यानं हे टपाल याच माणसाला दिलं. पुन्हा निवडून येऊ की नाही या धास्तीनं घामाघूम झालेल्या न्यायाधीशांना सुटकेची वाट मिळते. सरकार मान्य करतंय, मग न्यायालय वाद घालणार नाही.

आता ‘डाय हार्ड’मधली तिजोरी. टॉवरचं नाव नाकातोमी प्लाझा. दरोडेखोरांचा म्होरक्या हान्स ग्रुबर, त्याच्या टोळीपुढे सात कुलपं आहेत. सहा टोळीतला थिओ फोडू शकतो. सातवं विद्युतचुंबकीय, आणि त्याचा वीजपुरवठा इमारतीतून तोडता येत नाही. हान्स निश्चिंत आहे: नाताळ म्हणजे चमत्कारांचा काळ. १९४७च्या चित्रपटाच्या नावात आहे तोच शब्द त्याच्या तोंडी येतो. बाहेर केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेचे, एफबीआयचे दोन अधिकारी, दोघांचंही आडनाव जॉन्सन, दहशतवादी-ओलीस प्रकरणाचा ठरलेला क्रम पाळत वीज तोडायला सांगतात. एकच इमारत बंद करता येत नाही, म्हणून दहा ब्लॉकचा परिसर अंधारात जातो. कुलूप सुटतं, बीथोव्हनचं ‘ओड टू जॉय’ घुमतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी. विद्युतचुंबक प्रवाह असेपर्यंतच दार धरून ठेवतो; वीज गेली की सोडून देतो. म्हणून असं कुलूप बाहेर पडायच्या दारांना शोभतं, आग लागली तर माणसं अडकत नाहीत. तिजोरीला लागतो यांत्रिक अडसर, वीज गेली तरी बंदच राहणारा. नाकातोमीच्या तिजोरीतली ही खोट नसती, तर हान्सचा बेत कागदावरच राहिला असता.

दोन्हींत मुद्दा नावाचाही आहे. पत्र मिळायला तुम्ही तेच आहात हे ठरावं लागतं. तिजोरीतले ६४ कोटी डॉलरचे बेअरर बाँड उलटे: ज्याच्या हाती तो मालक, नोंदवहीत नाव नाही. (म्हणूनच करबुडव्यांना आळा घालायला अमेरिकेनं १९८२च्या कायद्यानं असे नवे बाँड काढणं जवळपास बंद केलं.) आणि त्या पोलिसाच्या बायकोनं, हॉलीनं, ऑफिसात माहेरचं आडनाव लावलेलं असतं, नवऱ्याला ते लागतं, पण त्याच नावामुळे ती बराच वेळ हान्सच्या नजरेतून सुटते. सुझनची आई डोरिसही अशीच मोठ्या कंपनीत जबाबदारीच्या पदावर असलेली आई, फक्त घटस्फोटित.

दोन्ही चित्रपट ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओचे, दोन्ही उन्हाळ्यात आलेले. लोक उन्हाळ्यात जास्त चित्रपट बघतात म्हणून स्टुडिओप्रमुख डॅरिल झॅनक यांनी ‘मिरॅकल’ जून १९४७मध्ये काढायला लावला. ट्रेलरमध्ये नाताळचा उल्लेखसुद्धा नाही. ‘डाय हार्ड’ जुलै १९८८चा. दोन्हींना खरी इमारत मिळाली. ‘मिरॅकल’मधली मेसीज दुकानाची मिरवणूक २८ नोव्हेंबर १९४६ला प्रत्यक्ष चालू असताना टिपली, सांता झालेले एडमंड ग्वेन खऱ्या गर्दीतून रथावर बसून गेले. चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नव्हती. नाकातोमी प्लाझा म्हणजे खुद्द फॉक्सचा नवा कोरा, ३५ मजली फॉक्स प्लाझा.

शेवटही कागदांचाच. तिकडे टेबलावर पत्रांचा ढीग, इकडे फुटलेल्या टॉवरमधून हिमासारखे भिरभिरत येणारे कागद, आणि त्यावर ‘लेट इट स्नो’. ते गाणं सॅमी कान आणि ज्युल स्टाइन यांनी लिहिलं १९४५च्या जुलैत, हॉलिवूडच्या रणरणत्या उन्हात.