आधी बाजार उघडा ठेवा, मनं नंतर जुळतील

केनियाच्या ईशान्य टोकाला, सोमालियाच्या सीमेला लागून वजीर नावाचा भाग आहे, सगळा रखरखाट आणि लोकांचा जीव काय तो उंट-शेळ्या-गुरांवर. तिथले बहुतेक लोक सोमाली, भाषा एक, धर्म एक, तरी 1992-93 च्या आसपास डेगोडिया, अजुरान, ओगादेन अशा कुळाकुळांत गोळीबार चालू होता. कूळ म्हणजे आपली भावकी असते ना, तिचंच फार मोठं रूप समजा, हजारो-लाखो माणसांची भावकी. 1993 मध्ये एका रात्री डेखा इब्राहिम अब्दी नावाची तरुण बाई तान्ह्या लेकराला घेऊन पलंगाखाली तासन्‌तास लपून बसली, खोलीतून गोळ्या जात होत्या. सकाळी तिची आई म्हणाली की साठच्या दशकात तू लहान होतीस तेव्हा मी पण तुला घेऊन अशीच पलंगाखाली लपले होते. म्हणजे आजी, आई, नात, तीन पिढ्या आणि तोच पलंग. डेखाने नंतर सांगितलंय की तिथून ती शांततेच्या कामात ओढली गेली.

भांडण कशावरून होतं हे थोडक्यात सांगते. दुष्काळ पडला होता, पाणी आणि चराई कमी झाली. 1991 मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं आणि सीमेपलीकडून निर्वासित आणि बंदुका दोन्ही आले. 1992 ची निवडणूक झाली, त्यात कोणत्या कुळाचा माणूस निवडून आला यावरून जुनी खुन्नस पेटली. आणि सरकारवर विश्वास तर कुणाचाच नव्हता, कारण त्या भागात वर्षानुवर्षं आणीबाणी होती आणि 1984 मध्ये तर सैन्याने वजीरजवळच्या वगालाच्या धावपट्टीवर डेगोडिया पुरुषांना गोळा करून त्यांचं हत्याकांड केलं होतं. अशा ठिकाणी पोलिसांकडे जा म्हणणं सोपं, पण जाणार कोण?

मग सुरुवात कुठून झाली तर एका लग्नघरातून. लग्नाला वेगवेगळ्या कुळांतल्या बायका आल्या होत्या, तिथं बोलणं निघालं की हे असंच चालू राहिलं तर उद्या आपण एकमेकींच्या लग्नाला पण यायच्या नाही. पुढे त्या भेटत राहिल्या आणि पहिलं काम त्यांनी हातात घेतलं ते बाजाराचं. वजीरच्या बाजारात दूध, भाजी, धान्य विकणाऱ्या सगळ्या बायकाच, आणि तिथं पण कुळाची भिंत उभी राहिली होती, अमक्या कुळाच्या बाईला बसू द्यायचं नाही, तमक्या कुळाच्या बाईकडून घ्यायचं नाही, त्यावरून मारामाऱ्या. या बायकांनी ठरवलं की बाजारात कुणीही येईल, कुणीही विकेल, कुणीही घेईल. आणि नुसतं ठरवून थांबल्या नाहीत, बाजारात लक्ष ठेवायला आपल्यातल्याच बायका नेमल्या, कुठे कुरबुर झाली की लगेच कळवायचं, आणि ती मिटवायला एक छोटी कमिटी.

मला या गोष्टीत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि मी हा लेख लिहायला बसले ते यासाठीच. त्यांनी "आपण सगळ्या बहिणी" असं भाषण देऊन सुरुवात केली नाही. मनात काय आहे ते राहू दे बाजूला, दूध सगळ्यांना मिळालं पाहिजे, एवढंच. आणि गेल्या वीस-तीस वर्षांतला या विषयावरचा रिसर्च वाचला ना, तर तो पण फिरून फिरून इथंच येतो.

बाजारानंतरचा टप्पा अवघड होता कारण कुळाचे निर्णय घेणार वडीलधारे पुरुष, आणि त्यांच्या बैठकीत बायकांना जागा नाही. मग या गटाने वडीलधाऱ्यांना एकत्र बसवायची खटपट केली, आणि बैठक चालवायला कोण, तर भांडणात नसलेल्या एका अगदी लहान कुळातले बुजुर्ग. लहान कुळाचा माणूस का, तर त्याच्याकडून कुणाला धोका वाटत नाही, तो जिंकून काय जिंकणार. सप्टेंबर 1993 मध्ये वडीलधाऱ्यांनी एक करार केला, अल फताह जाहीरनामा म्हणतात त्याला. पुढे तरुण, मौलवी, व्यापारी जोडत गेले आणि 1995 मध्ये वजीर शांतता आणि विकास समिती उभी राहिली, सरकारी अधिकारी पण त्यात बसू लागले. त्यांची एक टीम असायची, कुठे खून झाला, जनावरं पळवली अशी बातमी आली की वडीलधारे, बायका, मौलवी आणि पोलिस-प्रशासनातली माणसं मिळून लगेच त्या जागेवर जायची, म्हणजे बदला घ्यायला माणसं निघायच्या आत.

आता सायन्सकडे येऊ. 1996 मध्ये जेम्स फिअरॉन आणि डेव्हिड लेटिन या दोन अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून प्रत्येक जण कोणती चाल खेळेल याचं गणित, लावून एक साधा प्रश्न विचारला. वेगवेगळे वांशिक गट शेजारी शेजारी राहतात आणि बहुतेक वेळा भांडत नाहीत, ते कसं काय जमतं? त्यांचं उत्तर समजून घ्यायला आपली चाळ पुरते. समोरच्या चाळीतल्या एका पोराने आपल्या खिडकीची काच फोडली. आपल्या चाळीतली पोरं आपल्याला नावानिशी माहीत असतात, कोण वांड, कोण गरीब, कोण कुणाचा, पण समोरच्या चाळीतली सगळी सारखीच दिसतात. मग नेमका कोण ते कळत नसेल तर राग निघतो कुणावर, तर जो पहिला हाताला लागेल त्याच्यावर. तो बिचारा निर्दोष, मग त्याचे लोक उलटून येतात, आणि हे चक्र फिरत राहतं, वर वर चढत जातं. पण दुसरा रस्ता आहे. समोरच्या चाळीतल्या काकांना जाऊन सांगायचं, आणि ते म्हणतात, "आमच्या पोराला आम्ही बघतो, काचेचे पैसे हे घ्या." त्यांना तो पोरगा कोण ते पाच मिनिटांत कळतं. म्हणजे गुन्हेगाराची माहिती ज्या गटाकडे आहे त्याच गटाने त्याला आवरायचं, आणि दुसऱ्या गटाने तेवढा वेळ हात आखडून धरायचा.

यात प्रेम कुठेच लागत नाही बघा. समोरच्या चाळीबद्दल आपलं मत वाईट असलं तरी हे चालतं. लागतात फक्त दोन गोष्टी, निरोप पोचवायला वाट आणि "ते बघतील" हा भरवसा. वजीरच्या समितीने नेमकं हेच दोन्ही बांधलं. सोमाली परंपरेत खुनाची भरपाई, दिया, ही खुन्याच्या एकट्याने नाही तर त्याच्या कुळाने मिळून जनावरांत द्यायची असते, त्यामुळे आपल्यातल्या माथेफिरूला आवरण्यात प्रत्येक घराचा स्वतःचा फायदा असतो, उद्या उंट आपल्याच दावणीतून जाणार.

मग मनं जुळवायचं काय? 1954 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की बरोबरीच्या नात्याने, एका कामासाठी दोन गटांची माणसं एकत्र आली की पूर्वग्रह कमी होतात. ऐकायला पटतं, पण संघर्षाच्या जागी हे खरंच होतं का हे नीट प्रयोग करून बघायला फार उशीर लागला. नायजेरियात कडुना शहरात ख्रिश्चन-मुस्लिम दंगली झालेल्या, तिथं अलेक्झांड्रा स्काको आणि शाना वॉरेन या दोघींनी तरुण मुलांसाठी 16 आठवड्यांचे कॉम्प्युटर क्लास घेतले, काही वर्ग मिश्र, काही एकाच धर्माच्या मुलांचे, कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. 2018 मध्ये निकाल छापून आला. मनातला पूर्वग्रह? जवळपास जसाच्या तसा. पण पैसे वाटायच्या खेळात मिश्र वर्गातली मुलं दुसऱ्या धर्माच्या मुलाशी भेदभाव कमी करत होती, एकाच धर्माच्या वर्गातल्यांपेक्षा.

दुसरा प्रयोग इराकमधला, साल्मा मूसा हिचा, 2020 मध्ये आला. आयसिसमुळे घरदार सोडावं लागलेले ख्रिश्चन, त्यांची फुटबॉल लीग भरवली, काही टीममध्ये सगळे ख्रिश्चन आणि काहींमध्ये तीन-चार मुस्लिम खेळाडू. दोन महिने एकत्र खेळल्यावर मिश्र टीममधले ख्रिश्चन पुढच्या सीझनला पण मिश्र टीममध्ये यायला जास्त तयार होते, आणि सहा महिन्यांनी पण मुस्लिम खेळाडूंबरोबर प्रॅक्टिस करत होते. पण मैदानाबाहेर, मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जा म्हटलं तर फरक दिसला नाही. आपल्या टीममधला तो वेगळा आणि "ते लोक" वेगळे! हे वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, नंतर वाटलं की अरे, ज्या लोकांनी आयसिसच्या काळात सगळं गमावलं त्यांच्याकडून आणखी किती मागायचं? एकत्र प्रॅक्टिस करतात हे थोडं आहे का.

आपल्याकडचा पुरावा तर अजून जवळचा. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या बातम्या गोळा करून मोजल्या (स्टीव्हन विल्किन्सन त्यांच्यासोबत होते) आणि दिसलं की निव्वळ आठ शहरांत जवळजवळ निम्मे मृत्यू झालेत, आणि गावांमधले मृत्यू चार टक्क्यांपेक्षा कमी. मग त्यांनी जोड्या लावल्या, अलीगढ आणि कालिकत, दोन्हीकडे मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एक पेटतं आणि दुसरं शांत. एकमेकांच्या घरी येणंजाणं, पोरांनी एकत्र खेळणं हे कालिकतमध्ये जास्त होतंच, पण वार्ष्णेय यांचा जोर दुसऱ्याच गोष्टीवर आहे. व्यापारी संघटना, कामगार युनियन, वाचनालयं, क्लब, पक्ष यांत दोन्हीकडची माणसं एकत्र बांधलेली आहेत का? नुसता शेजारधर्म छोट्या तणावात टिकतो, पण बाहेरून मोठा झटका आला की तो मोडतो, संघटना असेल तर ती अफवा तपासते, पोरांना घरी पाठवते, पोलिसांना खरी बातमी देते.

आणि भिवंडी! यंत्रमागांचं गाव, 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल, 1984 मध्ये परत. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथं डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, सुमारे 70, प्रत्येकीत हिंदू-मुस्लिम दोघं. सण जवळ आला की एक मीटिंग घेऊन मोकळं व्हायचं असं नाही, एरवीही नियमित भेटायचं आणि गल्लीतले साधे प्रश्न, छोटी भांडणं तिथंच सोडवायची. म्हणजे जेव्हा खरंच वेळ आली तेव्हा माणसं एकमेकांना तोंडओळखीने नाही, कामाने ओळखत होती. 6 डिसेंबर 1992 नंतर मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाने दोन महिन्यांत 900 मृत्यू नोंदवले. आणि त्याच मुंबईला खेटून असलेली, दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. वार्ष्णेय यांच्या मते हे भिवंडी बांधून करता येतं याचं उदाहरण आहे, कालिकतला हे जाळं शतकभरात आपोआप विणलं गेलं, इथं ते तीन-चार वर्षांत मुद्दाम विणलं. गणपती-ईदच्या आधी आपल्याकडे ज्या शांतता समितीच्या बैठका होतात, चहा, दोन भाषणं, एक फोटो, त्यांना मी कमी लेखत नाही, पण त्यात आणि खोपडेंच्या कमिटीत फरक एवढाच की ती वर्षभर भेटायची.

पण हे सगळं लिहिताना एक गोष्ट लपवायची नाही. वरून कुणाला दंगल हवीच असेल तर मोहल्ल्यातली कमिटी कितीही चांगली असो, ती एकटी पुरी पडत नाही. विल्किन्सन यांनी पुढे हेच दाखवलं, राज्य सरकारला अल्पसंख्याक समाजाच्या मतांची गरज असेल तर पोलिस दंगल लवकर थांबवतात, नसेल तर नाही. केनियात पण 2007 च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं मेली, आणि मग सरकारने वजीरच्या धर्तीवर देशभर शांतता समित्या पसरवल्या, तर बऱ्याच ठिकाणी त्या बैठकीच्या भत्त्याच्या समित्या झाल्या. खुद्द वजीर आणि शेजारच्या मंडेरात 2013-14 मध्ये डेगोडिया आणि गारे कुळांत परत लढाया झाल्या. डेखाला 2007 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला होता, 2011 मध्ये अपघातानंतर ती गेली, हे बघायला ती नव्हती.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. वजीरचं काम बघून 2001 मध्ये त्या भागातल्या वडीलधाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी मिळून मोदोगाशे या गावी मोठा करार केला, चराई, पाणी, चोरी, खून सगळ्याचे नियम लिहून काढले, आणि त्याने बदल्याचे खून आवरायला वाट मिळाली हे खरंच. त्यात भरपाईचा दर पण लिहिलाय. पुरुष मेला तर 100 जनावरं. बाई मेली तर 50. ज्या बायकांनी बाजार उघडा ठेवून हे सगळं सुरू केलं, त्यांच्याच भागातला हा दर.