पाण्यात पडूनही वाजणारा स्पीकर आला कुठून?

दोन पोर्टेबल ब्लूटूथ स्पीकर शेजारी ठेवून तुलना करायला बसलं की तेच ते आकडे समोर येतात: पाणी-धूळ किती सोसेल ते सांगणारा आयपी६७, ४० वॅट, २४ तास, आणि ‘असे आणखी स्पीकर जोडता येतात’. एकाच तक्त्यात छापले असले तरी या आकड्यांची घराणी वेगवेगळी आहेत. बॅटरी आली व्हिडिओ कॅमेरा आणि लॅपटॉपच्या धंद्यातून, ब्लूटूथ आलं फोनच्या हेडसेटमधून, पाण्याची कसोटी आली विजेच्या उपकरणांच्या मानकातून. आणि ज्या मजबुतीसाठी आज हे स्पीकर घेतले जातात, ती सुरुवातीला कुणाचं उद्दिष्टच नव्हती. लहान खोक्यातून बेस काढायची धडपड आणि वायरीपासून सुटका, या दोन गोष्टींमागून ती बरीचशी आपसूक आली.

बेसपासूनच सुरुवात करू. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला पडदा, ही स्पीकरची रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. आज हातात मावणाऱ्या स्पीकरमध्येही मुळात तेच आहे. पडदा पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. अडचण खालच्या सुरांची. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच पातळीचा आवाज काढायला पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. ते जमत नसेल तर पडदा मोठा हवा, आणि मोठ्या पडद्याला मोठं खोकं हवं. खोलवर बेस, लहान आकार आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी एका वेळी दोनच मिळतात. ऑडिओच्या दुनियेत याला ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणतात. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे हेच हॉफमन. पोर्टेबल स्पीकरचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा नियम वाकवण्याचे प्रयत्न. तो मोडलेला मात्र अजून कुणी नाही.

पहिल्यांदा लोकांनी नियमाशी भांडण केलंच नाही, सरळ आकार वाढवला. १९५४ साली रीजन्सी टीआर-१ हा बाजारात विकला गेलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ आला आणि आवाज खिशात मावला, पण तो बातम्या ऐकण्यापुरता. १९६३ साली फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट आणली. रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत बसले आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती पेटी फुगत फुगत बूमबॉक्स झाली. खांद्यावर घेऊन फिरायचं ते प्रकरण. जेव्हीसीचं आरसी-एम९० किंवा शार्पचं जीएफ-७७७ यांची छायाचित्रं पाहिली तरी वजनाची कल्पना येते. अशा मोठ्या यंत्रांना डी आकाराचे आठ-दहा सेल लागत. असा एक अल्कलाइन सेल साधारण १४० ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या सेलांचंच वजन किलोच्या वर. पावसाचा थेंब पडला तर कॅसेटची खिडकी, बटणांच्या फटी, मागचं सेलचं झाकण, सगळीकडून पाणी आत जायला मोकळं. पण तेव्हा कुणी याला दोष म्हटलं नाही. गाणं बाहेर, चारचौघांत वाजतंय हेच पुष्कळ होतं.

१९७९च्या जुलैमध्ये सोनीचा वॉकमन आला आणि फिरतं संगीत कानांपुरतं झालं. पुढची वीसेक वर्षं खरी हुशारी हेडफोनकडे गेली. २००१ साली आयपॉड आल्यावर सगळी गाणी खिशात आली, पण ती चारचौघांना ऐकवायची तर डॉक घ्यावा लागे: वर खाच, तिच्यात आयपॉड उभा करायचा. बोसचा साउंडडॉक २००४चा. ॲपलने २००६ साली स्वतःचा आयपॉड हाय-फाय काढला. त्याला वीज नसेल तिथे चालायला डी आकाराचे सहा सेल लागायचे. बूमबॉक्सचंच हाड, फक्त वर पांढरी कातडी! दीड वर्षात तो बंदही झाला. डॉकची मुख्य अडचण मात्र सेलची नव्हती. गाणी ज्यात आहेत ते यंत्र स्पीकरच्या डोक्यावर उघडं बसलेलं असताना स्पीकर वाळूत किंवा पाण्याजवळ नेणार कसा?

ही गाठ सुटली ती भलत्याच ठिकाणी. स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत १९९४च्या सुमारास याप हार्टसन आणि स्वेन मॅटिसन हे अभियंते फोन आणि त्याच्या उपकरणांमधली वायर काढून टाकायच्या कामाला लागले होते. १९९८ साली एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा यांनी मिळून ब्लूटूथचा संघ स्थापन केला. सुरुवातीच्या ब्लूटूथवर बोलणं ऐकू येई, तेही टेलिफोनच्या दर्जाचं. स्टिरिओ संगीत पाठवायची ए२डीपी ही पद्धत ठरली २००३ साली, आणि तिच्यासोबत एसबीसी हा साधा, कुठल्याही स्वस्त चिपवर चालणारा कोडेक (आवाज आकसून पाठवायची आणि पलीकडे उलगडायची रीत) प्रत्येकाला सक्तीचा झाला. एसबीसीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मोकळ्या मैदानात, माणसांच्या गलक्यात, मुठीएवढ्या पडद्यातून वाजणाऱ्या गाण्यात एसबीसी आणि महागड्या कोडेकमधला फरक ऐकू येतो असं म्हणणाऱ्याच्या कानांना माझा नमस्कार. बाहेर वापरायचा स्पीकर निवडताना कोडेकच्या रकान्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आयफोनमध्ये स्टिरिओ ब्लूटूथ आलं ते २००९ साली, आणि त्यानंतर फोन खिशात ठेवून लांबच्या स्पीकरवर गाणं लावणं ही सर्वसामान्यांची सवय झाली.

तोवर बाकीचं सामान तयारच होतं. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, लॅपटॉप आणि फोनने ती स्वस्त केली. १९८०च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांमुळे स्पीकरचं चुंबक नाण्याएवढं झालं. आणि क्लास-डी ॲम्प्लिफायर: वीज सतत कमी-जास्त करण्याऐवजी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून आवाज घडवणारा. ही कल्पना जुनी आहे, ब्रिटनमधल्या क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ सालीच तिचा किट विकायला काढला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर तिला पेलणारे नव्हते. चांगल्या चिप आल्यावर क्लास-डीची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास गेली. जुन्या पद्धतीत बॅटरीतली बरीच वीज उष्णता होऊन जायची, आणि ती उष्णता बाहेर टाकायला खोक्याला भोकं ठेवावी लागायची. भोकांची ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

२०१०च्या शेवटी जॉबोन कंपनीने जॅमबॉक्स आणला. विटेएवढा, १९९ डॉलरचा, इव्ह बेहार यांच्या डिझाइनचा. ब्लूटूथ स्पीकर त्याआधीही होते, पण लोकांना तो हवासा वाटायला लागला तो इथून. (जॉबोन स्वतः २०१७ साली बुडाली, ते वेगळं.) जॅमबॉक्सने एवढ्याशा खोक्यातून बेस काढला तो पॅसिव्ह रेडिएटर वापरून. ही युक्ती जॅमबॉक्सच्या कितीतरी आधीची. आरसीए या अमेरिकन कंपनीचे हॅरी ओल्सन यांना तिचं पेटंट १९३५ साली मिळालं होतं. मोठ्या स्पीकरमध्ये बेस वाढवायला खोक्याला एक नळी ठेवतात, आतली हवा तिच्यातून घुमते. लहान खोक्यात मात्र तेवढ्या खालच्या सुरासाठी नळी इतकी लांब लागते की ती मावतच नाही, आणि अरुंद केली तर हवा फुसफुसते. पॅसिव्ह रेडिएटर म्हणजे त्या नळीच्या जागी बसवलेला वजनदार पडदा. त्याला वायर नाही, चुंबक नाही. मुख्य पडद्याने आतली हवा हलवली की हा आपोआप डोलतो. नळीतल्या हवेचं वजन या पडद्याने उचललं, म्हणून जागा वाचली. एकच रेडिएटर असेल तर हलका स्पीकर टेबलावर सरकायला लागतो, म्हणून पुढे दोन्ही टोकांना समोरासमोर दोन बसवायची पद्धत रूढ झाली. जेबीएल कंपनीच्या फ्लिप ३ या लहान स्पीकरपासून टोकांना धडधडताना दिसतात त्या याच चकत्या.

आणि इथे ती आपसूक घडलेली गोष्ट. नळी गेली, म्हणजे खोक्याचं सगळ्यात मोठं भोक गेलं. क्लास-डीमुळे हवा खेळवायच्या जाळ्या गेल्या. ब्लूटूथमुळे डॉकची खाच गेली, हळूहळू वायर खुपसायची ऑक्सची भोकंही. उरलं फक्त चार्जिंगचं भोक, त्यावर रबरी झाकण बसलं. कागदी पडद्याऐवजी प्लास्टिकचा किंवा धातूचा पडदा घातला, बटणं रबराखाली नेली की खोकं बंद. पाण्यासाठी वेगळं चिलखत चढवायची गरजच फारशी राहिली नाही. अल्टिमेट इयर्स कंपनीचा यूई बूम २०१३ साली आला तेव्हा शिंतोड्यांपुरता सुरक्षित होता. २०१५चा बूम २ आयपीएक्स७ होता, म्हणजे पाण्यात बुडवता येणारा. दोन वर्षांत ही मजल गाठता आली याचं कारण बहुतेक काम आधीच झालेलं होतं.

या आयपी आकड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण तुलनेत सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. ते आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतात. पहिला अंक धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. पहिल्या अंकाच्या जागी एक्स असेल तर धुळीची पातळी जाहीर केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. समुद्रकिनारी न्यायचा स्पीकर निवडताना हा एक्स महत्त्वाचा, कारण वाळू पाण्यापेक्षा चिवट. दुसरी गंमत अशी की ७ मध्ये ५ आणि ६ आपोआप येत नाहीत. शांत पाण्यात बुडवणं आणि नळीने फवारा मारणं या वेगळ्या चाचण्या आहेत. शिवाय चाचणी गोड्या पाण्यात, कोऱ्या स्पीकरवर, झाकण लावून होते. खारं पाणी, क्लोरीन, दोन वर्षांत कडक झालेलं रबर यांचा त्यात विचार नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर स्पीकर साध्या पाण्याने धुवावा आणि चार्जिंगची जागा पूर्ण सुकू द्यावी, हे त्यामुळेच. पाण्यावर तरंगतो की बुडतो, हे तर आयपी आकडा सांगतच नाही, आणि तळ्यात पडलेल्या स्पीकरच्या बाबतीत नेमकं तेच आधी कळायला हवं.

स्पीकर पाण्यातून वाचायला लागले, पण मोकळ्यावर पुरेनात. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्या बेसला हात देतात. बाहेर तसं काही नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे एक मीटरवरचे ९० डेसिबल आठ मीटरवर ७२. आणि वॅट दुप्पट केले तर वाढ फक्त ३ डेसिबलची. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वीज लागते. म्हणून २० आणि ३० वॅटच्या दोन स्पीकरांमध्ये केवळ आकड्यावरून निवड करणं फोल आहे. लहान स्पीकरची आणखी एक लबाडी असते. कमी आवाजात आतली चिप बेस फुगवते आणि आवाज वाढवला की पडदा फाटू नये म्हणून तोच बेस गुपचूप कापते. दुकानात शांततेत ऐकलेला दमदार बेस मैदानात पूर्ण आवाजावर गायब होतो तो यामुळे. २४ तासांचं आश्वासनही बेताच्या आवाजावरचं असतं. ऐकायचाच असेल तर स्पीकर पूर्ण आवाजावर आणि लांब उभं राहून ऐकावा.

मग उद्योगाने तेच केलं जे सत्तरच्या दशकात केलं होतं. आकार वाढवला. २०१७ साली जेबीएलने मूठ असलेला, सव्वापाच किलोचा स्पीकर काढला आणि त्याचं नावच बूमबॉक्स ठेवलं. डेन्मार्कमध्ये रॉस्किल्ड संगीत महोत्सवातल्या तंबूंच्या गर्दीसाठी साउंडबॉक्सचा जन्म झाला होता: भलंमोठं खोकं, कोपऱ्यांना धातू, बदलता येणारी बॅटरी. पाठोपाठ जेबीएलचे पार्टीबॉक्स आले, दिव्यांसकट. या मोठ्या पेट्यांत नळीला जागा मिळाली, म्हणून नळी परत आली, आणि तिच्याबरोबर भोकही. पार्टीबॉक्स ११० किंवा ३१० हे आयपीएक्स४ आहेत, म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरते. त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान फ्लिप पाण्यात बुडवता येतो आणि हे येत नाहीत, यात निष्काळजीपणा नाही. ज्याला बेस नळीतून हवा त्याने पाण्यावर पाणी सोडायचं.

स्पीकर एकमेकांना जोडण्याच्या सोयीचा इतिहास मात्र फारसा अभिमानाचा नाही. एका स्पीकरने भागत नसेल तर दोन घ्या, हे तर्काला धरून आहे. पण जेबीएलची कनेक्ट, कनेक्ट प्लस, पार्टीबूस्ट ही एकामागून एक आलेली पद्धत आधीच्या पद्धतीशी बोलेना, आणि दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरशी तर नाहीच. जुन्याला जोड म्हणून नवा घेणाऱ्याची फसगत ठरलेली. २०२० साली ब्लूटूथच्या संघाने एलई ऑडिओ जाहीर केलं. त्यातली ऑराकास्ट ही सोय एका यंत्रावरून कितीही स्पीकरना एकाच वेळी आवाज पाठवते, आणि ती कुठल्या एका कंपनीची नाही. जेबीएलचे नवे स्पीकर तिच्यावर गेले आहेत. तिथेही पार्टीबूस्टवाले मागेच राहिले.

आता ताण आहे बॅटरीवर. बंद खोकं म्हणजे बंद बॅटरी, आणि लिथियमची बॅटरी काही वर्षांनी दम सोडतेच, बाकी स्पीकर धडधाकट असला तरी. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. मोठ्या पेट्यांना हे अवघड नाही. जेबीएलने २०२४ साली पार्टीबॉक्सच्या क्लब १२० आणि स्टेज ३२० मध्ये तशी बॅटरी दिलीही. लहान, बुडवता येणाऱ्या स्पीकरचं कोडं कठीण आहे, कारण बॅटरीचं झाकण म्हणजे पुन्हा एक भोक. नियमात पाण्याच्या उपकरणांना सवलत आहे, पण ती मुख्यतः ओल्या जागी चालण्यासाठीच बनवलेल्या आणि धुता येणाऱ्या उपकरणांपुरती. गवतावर वाजणारा आणि क्वचित तळ्यात पडणारा स्पीकर त्यात बसवायचा तर कंपन्यांना बरीच वकिली करावी लागेल.