दवारीम पाराशा आणि तिशा बआवचा उपवास

ज्यू परंपरेत तोराचे, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाचे, वाचन वर्षभरात पूर्ण व्हावे यासाठी त्याचे ५४ भाग पाडलेले असून अशा भागाला पाराशा म्हणतात. ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या ग्रंथातील पहिला भाग दवारीम (१:१ ते ३:२२) हा होय; त्यात मोशेचे लोकांपुढील भाषण आहे. पंचांगाची रचनाच अशी आहे, की तो नेहमी तिशा बआव या उपवासाच्या लगेच आधीच्या शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनी) वाचला जातो. यरुशलेममधील दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचे स्मरण करणारा हा उपवास ज्यू पंचांगातील आव महिन्याच्या नवव्या दिवशी, जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतो. ही तिथी शब्बाथला आली तर उपवास रविवारी पाळतात. पाराशा आणि उपवास एकत्र पाहिले, तर दोहोंच्या केंद्रस्थानी कानउघाडणीचा प्रश्न असल्याचे दिसते: आपल्या माणसाची चूक त्याला कोणी, केव्हा आणि कशी दाखवावी?

मोशेने हे भाषण चाळीसाव्या वर्षाच्या अकराव्या महिन्यात, मृत्यू जवळ आला असताना, यार्देन नदीच्या पूर्वेस केले. होरेब पर्वतापासून देशाच्या सीमेजवळील कादेश बर्ण्यापर्यंतची वाट ११ दिवसांची असल्याचे दुसऱ्याच वचनात सांगितले आहे. लोकांना परमेश्वराने देऊ केलेल्या त्या देशाच्या उंबरठ्यावर पोहोचायला मात्र चाळीस वर्षे लागली, आणि हा विरोधाभास मोशे उलगडून सांगत बसत नाही. पहिल्या वचनातील स्थळनामांची यादी वरवर निव्वळ भौगोलिक वाटते. परंतु ११व्या शतकातील फ्रान्सचे भाष्यकार राशी यांच्या मते ती ठिकाणे म्हणजे लोकांच्या अपराधांच्या खुणा असून, इस्राएलाचा मान राखण्यासाठी मोशेने ते अपराध उघड न बोलता सूचित केले. देश पाहून येण्यासाठी पाठवलेल्या हेरांच्या प्रसंगाविषयी मात्र तो स्पष्ट बोलतो: लोक आपापल्या तंबूंत कुरकुरले, की परमेश्वर आपला द्वेष करतो म्हणूनच त्याने आपल्याला मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढले (१:२७). राशी येथे एक म्हण देतात. तिचा आशय असा, की आपल्या मनात दुसऱ्याविषयी जे असते, तेच त्याच्याही मनात आपल्याविषयी आहे असे आपण धरून चालतो. या पाराशावरील ही बहुधा सर्वांत मार्मिक टिप्पणी असावी.

मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहानुसार (तानीत ४:६) हेरांच्या त्या पिढीला देशात प्रवेश नाकारल्याचा निर्णय याच तिथीचा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मंदिराचा नाश, बेतार या नगराचा पाडाव आणि यरुशलेमवर फिरवलेला नांगर हे उरलेले चार आघातही मिश्ना याच दिवसाशी जोडते. पहिले मंदिर बाबिलोनच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जाळले, तर दुसरे रोमनांनी इ. स. ७० मध्ये. १४९२ मध्ये स्पेनमधून झालेली ज्यूंची हकालपट्टीही परंपरेने या दिवसाच्या स्मरणात सामावून घेतली.

विध्वंसाचे कारण शोधताना तालमूद, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरील चर्चांचा संग्रह, शत्रूच्या बळापेक्षा घरातल्या वर्तनाकडे बोट दाखवतो. पहिले मंदिर मूर्तिपूजा, व्यभिचार आणि रक्तपात यांमुळे गेले, दुसरे अकारण द्वेषामुळे, असे त्यातील योमा या ग्रंथात (९ब) म्हटले आहे. याचे उदाहरण म्हणून गित्तीन या ग्रंथातील बार काम्त्साची कथा सांगतात. नोकराच्या गफलतीमुळे भलत्याच मेजवानीत आलेल्या या गृहस्थाने, आपल्याला हाकलू नये म्हणून, आधी आपल्या जेवणाचे, मग अर्ध्या मेजवानीचे आणि शेवटी सगळ्या मेजवानीचे पैसे देऊ केले. यजमानाने त्याला हाताला धरून बाहेर काढले. तेथे बसलेल्या विद्वानांपैकी कोणीही ब्र काढला नाही, आणि त्याला खरी चीड आली ती या मौनाची. एकमेकांची कानउघाडणी न केल्यामुळे यरुशलेम नष्ट झाले, हे तालमूदच्या ‘शब्बाथ’ या ग्रंथातील (११९ब) मत या कथेशी जुळते. पण दुसरी बाजूही तालमूदमध्येच आहे: या पिढीत बोल ऐकून घेणारा कोणी असेल का, अशी शंका रब्बी तार्फोन व्यक्त करतात, तर बोल लावायचे कसे हे तरी कोणाला कळते का, असे रब्बी एलाझार बेन अझऱ्या विचारतात.

दवारीम वाचल्या जाणाऱ्या शब्बाथला ‘शब्बाथ हाझोन’ (दृष्टान्ताचा शब्बाथ) म्हणतात, कारण तोरानंतर यशया संदेष्ट्याच्या दृष्टान्ताचा पहिला अध्याय (१:१–२७) वाचतात. त्यात परमेश्वराला यज्ञांचा वीट आला असून अनाथाला न्याय द्या, विधवेचा कैवार घ्या, अशी आज्ञा आहे. ‘मी एकट्याने तुमचा भार कसा वाहू’ हे मोशेचे वचन (१:१२) पुष्कळ सिनेगॉगांत (ज्यू प्रार्थनामंदिरांत) विलापगीते या बायबलमधील शोकग्रंथाच्या चालीत म्हणतात.

उपवास सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, सुमारे २५ तास चालतो. अन्नपाणी, स्नान, तेल-सुगंध, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात. आनंद देणारे म्हणून तोराचे अध्ययनही टाळतात. ईयोब, विलापगीते यांसारखे शोकग्रंथ तेवढे चालतात. रात्री मंद उजेडात जमिनीवर बसून विलापगीते वाचली जातात. आधीच्या शेवटच्या जेवणात राखेला लावलेली भाकरी आणि उकडलेले अंडे खाण्याचीही प्रथा आहे.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजात हा दिवस ‘बिरड्याचा सण’ या नावाने परिचित होता. आधीचे दिवस मांसाहार वर्ज्य करून या सणाला बिरड्याचे जेवण करण्याची तेथे रीत होती. पुढे हिब्रू प्रार्थनाविधींशी संपर्क वाढल्यावर या समाजात तिशा बआव हे नाव आणि त्याचे विधी रुळले.