लघवीची घाई, कोरडे तोंड आणि उशाशी पाणी

‘वय झाले की लघवी धरवत नाही, त्याला इलाज नाही’ असे इतक्या सहजपणे बोलले जाते की, अतिक्रियाशील मूत्राशय हा एक विकार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे अनेकांच्या कानावरही येत नाही. अचानक उठणारी, थोपवता न येणारी घाई हे त्याचे मुख्य लक्षण. वारंवार जावे लागणे, रात्री उठणे आणि काहींच्या बाबतीत वाटेतच कपडे ओले होणे हे त्यासोबत येते.

प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ते भरत असताना त्याच्या भिंतीतला डिट्रसर स्नायू सैल असतो. रिकामे करायची वेळ आली की चेतातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारे रसायन स्रवते, ते पेशींवरच्या एम-३ ग्राहींना, म्हणजे असा निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटते, पेशीतले कॅल्शियम वाढते आणि स्नायू आवळला जातो. या विकारात तो पुष्कळदा भलत्याच वेळी आवळला जातो, म्हणून ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे हे ग्राहीच अडवून धरतात. पण एम-३ ग्राही लाळग्रंथींत आणि आतड्यांतही असतात. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, रुग्ण उशाशी बाटली ठेवून घोट घोट पाणी पितो आणि लघवी वाढते. शिवाय बद्धकोष्ठता होऊन भरलेले मलाशय मूत्राशयाला रेटते. ज्याचे पोट आधीपासूनच साफ होत नाही, त्याच्या बाबतीत औषध स्वतःच्याच कामावर पाणी फिरवते ते असे.

वृद्धांमध्ये याच औषधांमुळे गोंधळलेपणा येऊ शकतो, विशेषतः ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या आधीच चालू असतील तर. अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळालेले मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने, बीटा-३ ग्राहींद्वारे स्नायू सैल करते. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तीव्र आणि अनियंत्रित उच्च रक्तदाब असलेल्यांना ते देत नाहीत.

वजनाचा संबंधही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. लघवीची गळती असलेल्या स्थूल स्त्रियांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटवलेल्या गटात आठवड्यातले गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. नुसती माहिती दिलेल्या गटातही ते २८ टक्क्यांनी घटले होते. ‘मूत्राशय शुद्ध’ करणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातींत अशा तुलनेच्या गटाचा मागमूसही नसतो.

चहा-कॉफी कमी करून पाहावी; पाणी मात्र फार तोडू नये, कारण दाट लघवीनेही घाई वाढू शकते. घाई आली तरी जाणे थोडे थोडे लांबवत दोन खेपांमधले अंतर टप्प्याटप्प्याने, उदाहरणार्थ १५ मिनिटांनी, वाढवणे हा मूत्राशयाचा सराव औषधाच्या आधीही सुरू करता येतो.

त्याआधी तीन दिवस किती प्यायले, किती वाजता आणि किती लघवी झाली, हे लिहून ठेवावे. दिवसा सारे सुरळीत, संध्याकाळी पाय सुजलेले आणि रात्री चार वेळा भरपूर लघवी, अशी नोंद निघाली, तर आडवे झाल्यावर पायांतले पाणी रक्तात परतून मूत्रपिंडांकडे जात असण्याची शक्यता मोठी असते आणि तिथे मूत्राशयाच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.