जीपमधला तिसरा दांडा

चारही चाकांना जोर देणारे ट्रक जीपच्या कितीतरी आधी आले होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावात ओटो झाकाव आणि विल्यम बेसरडिक यांनी १९०८ च्या सुमारास तशी यंत्रणा बसवली. त्यांच्या एफडब्ल्यूडी कंपनीचा मॉडेल बी ट्रक पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलातून दारूगोळा वाहत होता. त्याला पुढे जाण्याचे गिअर तीनच. लो रेंज, म्हणजे गाडी फार हळू पण जास्त जोराने चालवणारी गिअरची जादा पायरी, नव्हती आणि तिची उणीव कुणाला जाणवतही नव्हती, कारण हा ट्रक टॉप गिअरमध्येही ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच धावे. मुळातच संथ असलेल्या गाडीला आणखी संथ चालवायची वेगळी सोय कशाला हवी?

म्हणजे लो रेंजची गरज फोर व्हील ड्राइव्हमुळे निर्माण झाली नाही. एकाच गाडीने सडकेवर पळावे आणि रानात रांगावे, अशी मागणी झाली तेव्हा ती निर्माण झाली. ही मागणी सर्वांत स्पष्टपणे १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने केली. टेहळणीसाठी हलकी गाडी हवी होती. पक्क्या रस्त्यावर तिने ताशी ५० मैल गाठावेत आणि वेळ पडली तर पायी चालणाऱ्या पलटणीसोबत ताशी ३ मैलांनीही जावे, तेही इंजिन न तापवता. बँटम कंपनीने आपला पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरिलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचता केला. मागून विलीज आणि फोर्ड आले. त्यांतून जी विलीज एमबी, म्हणजे युद्धातली जीप, घडली तिच्या फरशीवर तीन दांडे होते: एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढचा एक्सल (चाकांच्या जोडीला फिरवणारा आस) जोडण्याचा आणि तिसरा हाय-लोचा.

हा तिसरा दांडा ट्रान्सफर केसला जोडलेला असतो. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे वाटून देणारी ही पेटी. दांडा लोमध्ये टाकला की ताकद आणखी एका दातेरी जोडीतून फिरून जाते. वेग घटतो, त्याच प्रमाणात टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, वाढतो. एमबीच्या स्पायसर १८ ट्रान्सफर केसमध्ये हे प्रमाण १.९७ ला १ होते. पहिला गिअर २.६६५, एक्सल ४.८८. तिन्हींचा गुणाकार साडेपंचवीसच्या थोडा वर जातो. इंजिन मिनिटाला १००० फेरे फिरत असेल तर चाक फिरते जेमतेम ३९. त्या टायरच्या घेराने हिशेब केला तर ताशी पाच किलोमीटर येतात, म्हणजे जवळपास ३ मैल. लष्कराच्या कागदावरचा आकडा असा थेट दात्यांच्या संख्येत उतरला होता. साठ हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडून याहून जास्त काय मागणार?

यात एक शहाणपणाची अडकाठीही होती. पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नसे. दुप्पट झालेला टॉर्क एकट्या मागच्या एक्सलवर आला तर तो मोडायचा धोका, म्हणून ही तजवीज. पुढे कितीतरी हौशी मंडळींनी ती अडकाठी काढून टाकली आणि अरुंद जागी गाडी वळवायला सोपी केली. मागचा एक्सल मोडल्यावर मात्र दोष जीपला.

युद्ध संपले आणि गिऱ्हाईक बदलले. विलीजने १९४५ मध्ये नागरी सीजे-२ए काढली, ती मुख्यतः शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून. नांगर ओढायला लष्कराचे १.९७ पुरेना. तिची लो सुमारे २.४ ला १ झाली, एक्सलही ५.३८ चा. १९४६ मध्ये डॉजने आपला लष्करी ट्रक पॉवर वॅगन म्हणून बाजारात आणला, त्यातही दोन रेंजची ट्रान्सफर केस होती. इंग्लंडमध्ये रोव्हरचे मॉरिस विल्क्स अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातून उरलेली जीप वापरत होते. तिच्याच धर्तीवर लँड रोव्हर जन्मली आणि एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्यातही लो रेंज होतीच. काही काळाने आलेला तिचा लाल गोळ्याचा दांडा हाय-लोसाठी आणि पिवळा पुढच्या चाकांसाठी, हे त्या गाडीच्या चाहत्यांना आजही तोंडपाठ असते.

सगळ्यांनी मात्र हीच वाट धरली नाही. टोयोटाच्या १९५१ च्या बीजे या गाडीमध्ये लो रेंज नव्हती. मोठे इंजिन आणि ट्रकचा, दणकट पहिला गिअर असलेला गिअरबॉक्स एवढ्यावर तिने भागवले आणि त्याच वर्षी ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली. हा मार्ग चुकीचा नव्हता, पण त्याला मर्यादा होत्या. १९६० मध्ये ४० मालिकेची लँड क्रूझर आली तेव्हा टोयोटानेही लो रेंज घेतली.

आपल्याकडे हा दांडा आला तो मुंबईच्या माझगावातून. महिंद्रने १९४७ मध्ये विलीजशी संबंध जोडले आणि १९४९ पासून सुट्या भागांच्या जीप तिथे जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे त्या इथेच बनू लागल्या. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या माणसाला जी जीप आठवते, वडापची, मागे लोंबकळत जायची, तिला बहुतेक वेळा पुढच्या चाकांना जोर देणारी यंत्रणाच नसे. फोर बाय फोर महाग, आणि दहा-पंधरा माणसे बसवून डांबरी रस्त्याने जाणाऱ्याला तिचा उपयोग काय? तिसरा दांडा खऱ्या अर्थाने वापरला तो फौजेने. जबलपूरला १९५९ पासून जर्मन एमएएनच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागले, तिथेच १९६९ पासून निसानच्या धर्तीवरची जोंगा ही फौजी गाडी बनू लागली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. इंजिन अवघे ९७० सीसी, ताकद ४५ हॉर्सपॉवर. कागदावर खेळण्यासारखी वाटणारी ही गाडी फौजेने डोंगराळ भागांत इतकी वर्षे वापरली यात हलक्या वजनाचा मोठा वाटा आहे, आणि तितकाच लो रेंजचा. इंजिन लहान म्हणूनच दात्यांचे काम मोठे.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे, कारण पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानवाटांवर तो दरवर्षी दिसतो. गाडी चिखलात रुतली की लोक लो फर्स्ट टाकतात आणि ॲक्सिलरेटर दाबून धरतात. चाके जागच्या जागी फिरून खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. मऊ चिखलात थोडा वेग टिकवावा लागतो, तिथे लो सेकंड किंवा थर्ड बरा. लो फर्स्टची खरी जागा खडकाळ चढ, आणि त्याहून जास्त उतार. निसरड्या उतारावर ब्रेक दाबला की चाके जाम होऊन गाडी घसरते. लो फर्स्टमध्ये पाय बाजूला ठेवला की इंजिनच तिला धरून ठेवते. जुन्या पद्धतीची फोर व्हील कोरड्या डांबरावर लावून वळू नये हेही तितकेच खरे. पुढची-मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात आणि त्याची ओढ सगळी एक्सलवर येते. १९७० च्या रेंज रोव्हरने मधे डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी यंत्रणा) देऊन हा प्रश्न सोडवला, पण लो रेंज काढली नाही.

अमेरिकेत तोवर ही गोष्ट छंदाची झाली होती. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर १९५३ पासून जीपवाल्यांचा मेळा भरतो, आणि तिथल्या खडकांचे नाव घेऊन २००३ मध्ये आलेल्या रँग्लर रुबिकॉनमध्ये कारखान्यातूनच ४ ला १ ची लो होती. २०१८ च्या मॅन्युअल रुबिकॉनमध्ये तिन्ही आकड्यांचा गुणाकार ८४.२ वर गेला. विलीजच्या तिपटीहून जास्त.

त्याच काळात दुसरीकडे हा दांडा नाहीसाही होऊ लागला होता. १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये लो रेंज दिलीच नाही. उतारासाठी एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) आधारे प्रत्येक चाकाला आपोआप ब्रेक लावणारी हिल डिसेंट कंट्रोल दिली. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेवढे पुरले आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्ही त्याच वाटेने गेल्या आहेत. भारतात २०२० ची थार आणि २०२३ ची जिम्नी यांत ट्रान्सफर केसचा दांडा हाताने ओढावा लागतो. थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये त्याची जागा विजेच्या स्विचने घेतली. लो रेंज तीच, फक्त हाताला तिचा कर्रकन होणारा आवाज कळत नाही.

विजेच्या मोटारीला शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क मिळतो, तेव्हा लो रेंजचे दिवस संपले असे अनेकांना वाटले. पण मर्सिडीजने २०२४ मध्ये चार मोटारींची विजेवरची जी-क्लास आणली तेव्हा प्रत्येक चाकाच्या मोटारीला तिची स्वतंत्र, २ ला १ ची लो रेंज दिली. एमबीचा आकडा १.९७ होता.