आत्मरत व्यक्तिमत्त्व

स्वतःला इतरांपेक्षा खास समजणे, त्या खासपणाची पावती लोकांकडून सतत मिळावी अशी भूक असणे आणि समोरच्याच्या भावना जाणून घेण्याची कुवत तोकडी पडणे, अशी घडण ज्या स्वभावात पक्की झालेली असते त्याला मानसशास्त्रात आत्मरत किंवा नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व म्हणतात. हा गुण थोड्याफार प्रमाणात बहुतेकांत असतो. तो इतका ताठर झाला की माणसाचे काम, नाती आणि त्याचे स्वतःचे मन यांना जाच होऊ लागतो, तेव्हाच त्याला विकार म्हटले जाते. असा माणूस स्वतःवर फार प्रेम करतो, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात त्याला आपली किंमत आपण ठरवता येत नाही. ती दर वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचावी लागते आणि तिथे ती कमी दिसली की त्याला सहन होत नाही. घरच्यांना होणाऱ्या त्रासाचा मोठा भाग या परावलंबनातून येतो.

संकल्पनेचा इतिहास

नार्सिसस हा ग्रीक पुराणकथेतला नदीदेव सेफिसस आणि अप्सरा लिरिओपी यांचा देखणा मुलगा. रोमन कवी ओव्हिदने सांगितलेल्या कथेत तो एको नावाच्या अप्सरेला झिडकारतो, पुढे पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळतो आणि तिथेच झुरून मरतो. मानसशास्त्राने नार्सिससचे नाव उचलले आणि एको मागे राहिली. वास्तविक तिची गोष्टही तितकीच बोलकी आहे. तिला आपणहून काही बोलता येत नाही, समोरच्याच्या तोंडचे शेवटचे शब्द तेवढे परत उच्चारता येतात. आत्मरत माणसाबरोबर अर्धे आयुष्य काढलेल्यांना ती नार्सिससपेक्षा जवळची वाटेल.

ब्रिटिश अभ्यासक हॅवलॉक एलिस यांनी १८९८ मध्ये आणि जर्मन मनोविकारतज्ज्ञ पाउल नेके यांनी १८९९ मध्ये हे नाव लैंगिक वर्तनाच्या संदर्भात वापरले. १९१४ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. बाळाची सगळी ओढ स्वतःकडे असणे ही वाढीतली स्वाभाविक पायरी आहे, असे त्यांनी त्यात मांडले.

आजची समजूत घडली ती मुख्यतः हाइन्झ कोहुट आणि ओटो केर्नबर्ग यांच्या मतभेदातून. दोघेही व्हिएन्नात जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले मनोविश्लेषक. कोहुट यांच्या मते लहानपणी आईवडिलांच्या डोळ्यांत कौतुक दिसणे ही मुलाची खरी गरज असते. ती भागली नाही तर वाढ तिथेच खुंटते आणि मोठेपणीही माणूस तेच कौतुक शोधत राहतो, म्हणून उपचारात आधी त्याला समजून घेतले पाहिजे. केर्नबर्ग यांना त्या बडेजावाखाली दडपलेला राग आणि मत्सर दिसला. त्यांच्या दृष्टीने मोठेपणाचा तो देखावा हे कवच आहे आणि उपचार करणाऱ्याने त्याला हात घातलाच पाहिजे. हा वाद पुरता मिटलेला नाही. उपचारांच्या खोलीत दोघांचेही थोडेथोडे खरे ठरते, असा मध्यममार्ग आज बरेच जण धरतात.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, हा विकार १९८० साली दाखल झाला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीच्या तयारीत तो वगळण्याचा प्रस्ताव होता, पण बराच विरोध झाल्यावर तो मागे पडला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र वेगळी वाट धरली. २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, अकराव्या आवृत्तीत आत्मरत असा वेगळा कप्पा नाही. व्यक्तिमत्त्वातला बिघाड सौम्य, मध्यम की तीव्र आहे हे आधी ठरवायचे आणि मग ठळक स्वभावगुण नोंदवायचे, अशी तिची पद्धत आहे.

लक्षणे आणि निदान

डीएसएममध्ये नऊ लक्षणे आहेत आणि निदानासाठी त्यांतली किमान पाच तरुणपणापासून, निरनिराळ्या प्रसंगांत, टिकून दिसावी लागतात. स्वतःच्या महत्त्वाची अवास्तव कल्पना, अमर्याद यश, सत्ता किंवा सौंदर्याच्या स्वप्नांत रमणे, आपल्याला फक्त तोलामोलाची माणसेच समजू शकतात असे वाटणे, अतोनात कौतुकाची गरज, खास वागणूक हा आपला हक्कच आहे ही धारणा, कामापुरता दुसऱ्याचा वापर, सहानुभाव नसणे, मत्सर करणे किंवा सगळे आपल्यावर जळतात असे मानणे आणि उद्धटपणा, अशी ती नऊ. मी म्हणेन ती पूर्व दिशा, या म्हणीत यांतली निम्मी तरी बसतात.

या यादीची एक मोठी उणीव अशी, की ती छाती काढून चालणाऱ्यालाच नेमकी पकडते. पॉल विंक यांनी १९९१ मध्ये आत्मरतीचे दोन चेहरे दाखवून दिले. एक उघड बडेजाव मिरवणारा, दुसरा हळवा आणि कायम दुखावलेला. हा दुसरा माणूस मिरवत नाही. तो म्हणतो, ‘सगळ्यांसाठी केलं मी, पण माझी कोणाला किंमत आहे?’ घरातली प्रत्येक गोष्ट, मग ती कोणाचे आजारपण असो की कोणाचे लग्न, फिरून त्याच्या दुःखापाशी येते. लोक त्याला सोशीक म्हणतात, म्हणून त्याच्याबरोबर राहणाऱ्याला आपली तक्रार कोणाला पटवून देता येत नाही. एकाच माणसात हे दोन्ही चेहरे आळीपाळीने दिसणेही नेहमीचे आहे.

प्रमाणाबद्दलचे आकडे जपून घ्यावे लागतात. अमेरिकेत सुमारे चौतीस हजार प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आयुष्यात केव्हातरी हा विकार असण्याचे प्रमाण ६.२ टक्के निघाले. पुरुषांत ७.७, स्त्रियांत ४.८. इतर काही पाहण्यांत ते याच्या कितीतरी खाली, जवळजवळ शून्यावर आले आहे. प्रश्न कसे विचारले आणि कितपत त्रासाला विकार धरले, यावर आकडा एवढा हलतो.

कारणे

आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण सगळे खापर तिच्यावर फोडता येत नाही. संगोपनाबद्दलचा सगळ्यात उपयोगी पुरावा नेदरलँड्समधून आला. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांची ५६५ मुले आणि त्यांचे पालक यांची काही काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहणी केली. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ज्यांचे पालक ‘आमचे मूल इतर मुलांपेक्षा वरचढ आहे’ असे मानत होते, त्या मुलांत पुढे आत्मरती वाढली. ज्यांना घरात माया मिळत होती, त्यांच्यात निकोप आत्मसन्मान वाढला. मायेने आत्मरती वाढल्याचे दिसले नाही. आपल्याकडे मुलाला ‘कुलदीपक’ म्हणून वाढवले जाते तेव्हा या दोन गोष्टींची गल्लत सहज होते. त्याला जवळ घेतले, त्याचे ऐकून घेतले तर तो बिघडेल अशी धास्ती वाटते आणि तो शेजारच्यापेक्षा हुशार आहे हे मात्र दिवसातून दहा वेळा सांगितले जाते. दुसऱ्या टोकाला, सततचा पाणउतारा आणि हेळसांड झालेल्या मुलांतही, विशेषतः हळव्या प्रकारची, आत्मरती रुजलेली आढळते.

स्वतःवर होणारे परिणाम

लोकांच्या नजरेवर टांगलेली किंमत क्षणात खाली येते. मग साधी सूचना हल्ला वाटते, दुसऱ्याचे कौतुक आपला अपमान वाटतो. ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९८ मध्ये याचा एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतला, काहींना शाबासकी दिली, काहींना ‘इतका वाईट निबंध वाचलाच नव्हता’ अशा अर्थाचा शेरा दिला आणि मग एका खेळात शेरा देणाऱ्याला मोठ्या आवाजाचा दणका देण्याची मुभा दिली. सगळ्यांत जोरदार दणके दिले ते आत्मरती जास्त असलेल्या आणि अपमान झालेल्या विद्यार्थ्यांनी. नुसत्या आत्मसन्मानाच्या कमीजास्त असण्याचा तसा संबंध दिसला नाही.

या रागाच्या खाली बहुधा लाज असते आणि ती कबूल करणे या माणसाला मरणाहून अवघड वाटते. म्हणून चूक कधी आपली नसते. नोकरी गेली तर साहेब नालायक, संसार मोडला तर सासरचे कारस्थानी. या रीतीने लाज टळते, पण अनुभवातून शिकणेही टळते. नैराश्य आणि दारूचे व्यसन यांची जोड अनेकदा दिसते. निवृत्ती, आजारपण, घटस्फोट किंवा चारचौघांत झालेली नाचक्की यांनंतर असा माणूस अचानक कोसळू शकतो. आत्महत्येचा धोका अशा वेळी खरा असतो. बाहेरून रुबाबदार दिसणाऱ्या माणसाच्या बाबतीत घरचे आणि डॉक्टर दोघेही तो हेरण्यात कमी पडतात. वयाबरोबर आत्मरती सरासरीने थोडी ओसरते, असे दीर्घकालीन अभ्यास सांगतात, मात्र कोणाची किती ओसरेल हे सांगता येत नाही.

नात्यांवर होणारे परिणाम

पहिल्या भेटीत हा माणूस बहुधा छाप पाडतो. डेलरॉय पॉलहस यांच्या १९९८ च्या अभ्यासात अनोळखी विद्यार्थ्यांचे छोटे गट सात आठवडे भेटत राहिले. स्वतःला फुगवून पाहणारे विद्यार्थी सुरुवातीला इतरांना आवडले, सातव्या भेटीपर्यंत ते मत उलटले. लग्नात हाच क्रम वर्षांच्या मापाने चालतो. आधी जोडीदाराला डोक्यावर घेतले जाते, कारण तो आरशासारखा आपले मोठेपण परत दाखवत असतो. तो स्वतःचे काही म्हणू लागला की त्याची किंमत उतरते.

एखाद्या घरात हे कसे घडते, ते पाहावे. मुलीला दहावीला ९१ टक्के मिळतात. पेढे देताना वडील पाहुण्यांना सांगतात, ‘गणित मी घेतलं ना तिचं, म्हणून.’ पाहुणे गेल्यावर मुलगी म्हणते, ‘बाबा, क्लासच्या सरांनी पण खूप घेतलं.’ वडील ताटावरून उठतात. पुढे तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी आई मुलीला ओट्यापाशी बोलावून हळू आवाजात सांगते, ‘तू आधी सॉरी म्हण, म्हणजे घर शांत होईल.’ मुलगी सॉरी म्हणते आणि वडील फोनवर पुन्हा तिचे कौतुक सांगू लागतात.

यात कोणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तरी मुलगी एवढे शिकली, की आपले यश आपले नसते, खरे बोलले की माया बंद होते आणि माफी कशाची मागायची हे विचारायचे नसते. आईने हे आधीच शिकून घेतलेले असते. अशा घरांत सगळ्यांचे कान एका माणसाच्या गाडीच्या आवाजाकडे, चपला काढण्याच्या पद्धतीकडे लागलेले असतात. एका भावंडाला डोक्यावर बसवले जाते, दुसऱ्याच्या माथी प्रत्येक गोष्टीचा दोष येतो आणि मोठेपणी त्या दोघांचेही एकमेकांशी पटत नाही. जोडीदाराला आपल्याच आठवणींची शंका येऊ लागते, कारण ‘असं मी बोललोच नव्हतो’ हे त्याला इतक्या ठामपणे ऐकवलेले असते. बाहेर सांगायला जावे तर ‘किती छान माणूस आहे’ हेच कानी पडते. या छळातली सगळ्यात एकाकी करणारी गोष्ट हीच आहे.

शब्दाचा सैल वापर

समाजमाध्यमांवर सोडून गेलेला प्रियकर, हट्टी सासू, सेल्फी काढणारी मुलगी अशा सगळ्यांना आज नार्सिसिस्ट म्हटले जाते. त्याने खऱ्या पीडितांचेच नुकसान होते, कारण त्यांचा शब्द बोथट होतो. लग्नातले मानपान आणि रुसवेफुगवे, वडीलधाऱ्यांनी शेवटचा शब्द आपला मानणे, हे आपल्या कुटुंबांच्या जुन्या उतरंडीतून आलेले असू शकते. फरक ओळखण्याची एक खूण म्हणजे आपण कोणाला दुखावल्याचे कळल्यावर माणूस काय करतो. साधा हेकट माणूस उशिरा का होईना वरमतो. आत्मरत माणूस स्वतःच्या वागण्यावर नव्हे, दुखावलेल्यावरच चिडतो. अर्थात निदान करणे हे प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञाचे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे काम आहे.

उपचार आणि मदत

या विकारावर खास औषध नाही. सोबतच्या नैराश्यावर किंवा चिंतेवर औषधे दिली जातात. मुख्य उपचार म्हणजे दीर्घकाळ चालणारी मानसोपचार-संभाषणे. केर्नबर्ग यांच्या परंपरेतली पद्धत, लहानपणी पक्क्या झालेल्या समजुती बदलू पाहणारी जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी अशा काही पद्धती वापरात आहेत. ‘मी आत्मरत आहे’ म्हणून सहसा कोणी येत नाही. झोप लागत नाही, बढती हुकली किंवा बायको माहेरी निघून गेली म्हणून तो येतो आणि आधी समोरच्याचीच पात्रता तपासतो. अर्ध्यावर सोडून जाणारे बरेच असतात. टिकून राहणाऱ्यांत बदल होतो, पण सावकाश.

घरच्यांनी त्याच्या सुधारण्याची वाट पाहत स्वतःचा उपचार लांबणीवर टाकू नये. समुपदेशक त्यांना बहुधा घडलेल्या गोष्टी लिहून ठेवायला, वाद जिंकण्याचा नाद सोडायला, तुटलेले मित्र-नातेवाईक पुन्हा जोडायला आणि पैशांचे व्यवहार आपल्या हाती ठेवायला सांगतात. भारतात घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरला आहे. त्यासाठी नवऱ्याच्या विकाराचे निदान झालेले असण्याची अट नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते. तिथे मराठीत बोलता येते आणि स्वतः त्रासलेला माणूस जसा फोन करू शकतो, तसा त्याच्याबरोबर राहणाराही करू शकतो.